मोठीमायनं राखलेली रायमुनिया

यवतमाळच्या दवाखान्यात मोठीमाय शेवटचं जे बोलली ते तिच्या तब्येतीबद्दल नव्हतं. मी पाण्याचा ग्लास ओठाला लावला तेव्हा तिनं तो हातानं बाजूला सारला आणि विचारलं, "बेबी, फळं तोडले काय?" मी म्हटलं, "तोडले." "सारे?" "सारे." तिनं डोळे मिटले... मी खोटं बोलले होते. पंधरा दिवस शाळा आणि दवाखाना यातच गेले होते, शेताकडे माझं फिरकणंही झालं नव्हतं. दुसऱ्या दिवशी सकाळी दारव्ह्याला मी वर्गात हजेरी घेत असताना बाबांचा फोन आला. बाबा फोनवर धाडधाड बोलून ठेवून देणारे; त्या दिवशी नुसतं "बेबी..." म्हणाले आणि थांबले. मला कळलं. सांगायला लाज वाटते, पण रडू येण्याआधी मनात आलं ते हेच, की फळं झुडपावर तशीच राहिली.

मोठीमाय म्हणजे माझ्या बाबांच्या मोठ्या भावाची बायको. नाव पंचफुला. बाभुळगाव तालुक्यातल्या आमच्या गावात बौद्धपुऱ्यातल्या काही घरांना गावाबाहेरची सरकारी पडीत जमीन कसायला मिळाली, त्यात मोठेबाबांच्या वाट्याला तीन एकर आली. जमीन म्हणायची ती कागदावर. प्रत्यक्षात तिथं रायमुनिया होती. पुस्तकात तिला घाणेरी म्हणतात. लाल-पिवळ्या फुलांची, अंगाला चरचर कापणारी, माणसाच्या डोक्यावर जाणारी झुडपं, एकात एक गुंतलेली. आत शिरलेलं रानडुक्कर दिसायचं नाही आणि ढोर तर आत शिरायचंच नाही, कारण हा पाला ढोरं खात नाहीत. भुकेनं एखाद्या गाईनं खाल्लाच तर ती आजारी पडते. मोठेबाबा लवकर गेले, मूलबाळ नव्हतं. पुढची सगळी सफाई मोठीमायनं एकटीनं केली, चार उन्हाळे.

तिची पद्धत ठरलेली होती. कुऱ्हाडीनं नुसतं तोडणाऱ्याला ती हसायची. "तू तिचे केस कापून राह्यला, मान नाही," असं एकदा तिनं माझ्या बाबांनाच सुनावलं. वरचा झाडोरा तोडायचा, मग सब्बल, म्हणजे पहार, घेऊन बुडाखालचं मूळ खणायचं, अख्खं बुड उपटायचं आणि दगडावर उलटं ठेवायचं, मुळं आभाळाकडे, म्हणजे ते पुन्हा माती धरत नाही. एवढं करून भागत नाही, खरं काम पुढेच असतं. पाखरं फळं खातात आणि जिथं बसतात तिथं बी पाडतात. म्हणून आषाढात माती मऊ झाली की ती तिन्ही एकर वाकून फिरायची, बोटभर रोपटीसुद्धा चिमटीनं उपटायची. तिच्या हाताला त्या पाल्याचा उग्र वास कायमचा बसला होता. लहानपणी ती मला भरवायची तेव्हा भाकरीआधी तो वास यायचा.

एवढ्या साफ शेतात धुऱ्याजवळ, बांधाला लागून, एक झुडूप मात्र तिनं ठेवलं होतं. सगळ्यात जुनं, बुड माणसाच्या मांडीएवढं. वस्तीतल्या बाया चिडवायच्या, "पंचफुला, एक राह्यलं ना वो. दम संपला काय?" ती म्हणायची, "राहू दे, सावलीले हाय." रायमुनियाची कसली सावली? दर दिवाळीच्या आधी त्या झुडपाची फळं मात्र पिकू न देता तोडायची, लुगड्याच्या ओट्यात भरून घरी आणायची आणि चुलीत जाळायची. मला ते म्हातारपणाचं खूळ वाटायचं.

मी बी.ए. झाले ते वर्ष कापसाच्या वाईट दिवसांतलं. आमच्या घरातली मीच पहिली पदवीधर, हे सांगताना मला आजही संकोच वाटत नाही. तेव्हा मात्र गावात अभिनंदन करायच्या मनःस्थितीत कोणी नव्हतं. बोंडअळीनं दोन हंगाम खाल्ले होते, भाव पडलेला होता आणि मोठ्या शेतकऱ्यांनीही निम्मी वावरं पडीत टाकली होती. त्यांच्याही धुऱ्यांवरून रायमुनिया आत सरकू लागली होती. कापूस सोडून काहींनी गाई-म्हशी घेतल्या, मग त्यांना चराई कमी पडू लागली, आणि त्यांचं लक्ष आमच्या साफ जमिनीकडे गेलं. आम्हाला याची कुणकुणही नव्हती. निकाल घेऊन मी जून महिन्यात घरी आले. पाऊस लांबला होता. वस्तीच्या नळावर एक काकू म्हणाली, "बी.ए. झाली म्हंते. आता सब्बल कायले उचलते ही." बाकीच्या हसल्या. मीही हसले, पण ते मला लागलं. दुसऱ्या दिवशी पहाटेच मी सब्बल घेऊन शेतात गेले. मोठीमायचं उरलेलं एकुलतं झुडूप काढून दाखवायचं, मी ठरवलं होतं. दोन दिवस लागले. हाताला फोड आले. तिनं शिकवलं तसंच सगळं केलं, मूळ खणलं, बुड उपटलं, दगडावर उलटं ठेवलं, मुळं आभाळाकडे.

मोठीमाय तेव्हा माहेरी गेलेली होती. चौथ्या दिवशी परतली ती घरी न जाता सरळ शेतातच आली. हातात एक कागद होता. "कोतवालानं रस्त्यातच देल्ला. वाच बरं," म्हणाली. मी म्हटलं, "आधी तिकडं पाह्य." तिनं पाहिलं. मी कौतुकाची वाट पाहत उभी होते... ती दगडाजवळ गेली, बुडावरून हात फिरवला आणि खाली बसली. मग म्हणाली, "वाच."

तक्रार झाली होती. गावातल्या काही लोकांनी लिहून दिलं होतं, की ही जमीन पडीत नव्हतीच, गावच्या गुरांची चांगली गवताळ चराई होती, खोटं सांगून ती दिली गेली, ती परत घ्यावी. पंधरा दिवसांत तहसीलचे साहेब जागा पाहायला येणार होते. मी वाचत गेले तसा माझा आवाज बारीक होत गेला. साफ केलेली जमीन अशी दिसते की तिथं कधी काही नव्हतंच. चार उन्हाळ्यांची खूण आता त्या तीन एकरांत कुठेच नव्हती, आणि जी एक होती ती मी उपटली होती.

"सांगतलं काहून नाही मले?" मी विचारलं.

"सांगतलं असतं तर कोनीतरी एका रातीत जाळलं असतं." मग म्हणाली, "तुह्यी काय चूक. मीच शिकवलं तुले."

ती उठली. आम्ही दोघींनी ते बुड उचलून पुन्हा खड्ड्यात बसवलं, सरळ, मुळं मातीकडे. तिनं त्यावर ओलं गोणपाट टाकलं. त्या दिवसापासून नाल्याच्या डबक्यातून सकाळ-संध्याकाळ पाण्याचे गुंड डोक्यावर वाहणं सुरू झालं. अख्खं गाव पेरणीसाठी आभाळाकडे पाहत होतं आणि आम्ही दोघी रायमुनियाला पाणी घालत होतो. लोक धुऱ्यावर थांबून पाहायचे. "पंचफुला, निंबू लावला काय?" एकानं विचारलं. "हो. तुले देईन लोणच्याले," ती म्हणाली. घरी आल्यावर मात्र तिला जेवण जायचं नाही. रोज ती नखानं बुडाची साल खरवडायची आणि आत हिरवं दिसतं का ते पाहायची. दिसायचं, मग नाही दिसायचं, मग दुसऱ्या बाजूला थोडंसं दिसायचं. "जलमभर मरत नव्हती सटवी. आता जगायले नखरे करून राह्यली." हे ती हसत म्हणायची आणि पुन्हा दुसऱ्या जागी खरवडायची.

साहेब आले तेव्हा झुडपाला एकही पान नव्हतं. सोबत तलाठी, कोतवाल आणि तक्रार करणाऱ्यांपैकी दोघे होते. साहेबांनी तीन एकरांवर नजर टाकली. "जमीन तर चांगली दिसते," ते म्हणाले. मग त्यांचं लक्ष ओल्या मातीतल्या त्या बुडाकडे गेलं. "हे काय लावलं, आजी?"

"रायमुनिया, साहेब."

तलाठी हसला. "लोक काढतात, तुम्ही लावता?"

मोठीमाय माझ्याकडे पाहणार नाही हे मला माहीत होतं. मीच पुढे झाले. "साहेब, हे लावलेलं नाही. जुनं आहे. इथं सगळीकडे हेच होतं, ही एक खूण तिनं ठेवली होती, आणि मी ती उपटली. चूक माझी आहे. मी बी.ए. झाले आहे," असंही मी म्हणाले. ते का म्हणाले, मला आजही कळत नाही. साहेब खाली वाकले. बुडाभोवती त्यांनी दोन्ही हातांची वीत लावून पाहिली, ती पुरली नाही. "ढोरं खातात का हे?" त्यांनी तक्रारवाल्यांना विचारलं. दोघांपैकी एक जण पायातली चप्पल पाहत राहिला, दुसरा म्हणाला, "नाही खात, पण..." "पण काय?" साहेबांनी कागदावर काहीतरी लिहिलं आणि गेले. काय लिहिलं ते आम्हाला कधीच कळलं नाही.

जमीन गेली नाही, आणि राहिली असंही कोणी लिहून दिलं नाही. तहसीलमध्ये विचारायला गेलं की एकच उत्तर, चौकशी सुरू आहे. वर्षांमागून वर्षं सुरूच होती. पोळ्यानंतर त्या बुडाला खालून दोन कोंब आले, आणि मोठीमाय पुन्हा त्याची फळं तोडू लागली. दर वर्षी जीपचा आवाज आला की ती हातातलं काम टाकून आधी धुऱ्याकडे पाहायची. शेतातून परतताना गोणपाटात गुंडाळलेल्या कॅनमधलं उरलेलं पाणी ती त्याच्या बुडाशी ओतायची. पावसाळ्यातसुद्धा. मी म्हणायचे, "आता कायले? ते मरते काय?" ती म्हणायची, "एकदा मेलं व्हतं."

विहारात तिच्या पुण्यानुमोदनाचा कार्यक्रम झाला त्याच दिवशी दुपारी मी एकटी शेतात गेले. फळं काळी होऊन गळून गेली होती, काही बुलबुलांनी नेली होती. मी कापसाच्या ओळींमधून वाकून फिरले. निंबाखाली, धुऱ्यावर, ओळींमधल्या तासात, सगळीकडे बोटभर रोपटी होती. तेव्हापासून दर रविवारी दारव्ह्याहून प्रवासी जीपनं जाते आणि उपटते. मागच्या रविवारी जिथं काही नव्हतं तिथं पुढच्या रविवारी असतं. एवढं सगळं ती एकटी कशी करायची, हे मी तिला कधी विचारलं नाही.

तिच्या नावाच्या जागी वारस म्हणून बाबांचं नाव लागावं असा अर्ज आम्ही दिला, आणि जुनी चौकशी पुन्हा वर आली. नव्या तलाठ्यानं सांगितलं, सोमवारी साहेब जागा पाहायला येतील. माझ्याकडे फाईल आहे, त्यात सगळे कागद तारखेप्रमाणे लावले आहेत, त्यावर माझा विश्वासही आहे. तरी काल रविवारी निघताना मी पुन्हा धुऱ्याजवळ थांबले. झुडपाला भरपूर पाला होता. मी नखानं साल खरवडली. आत हिरवं होतं. मग कॅन उघडला आणि उरलेलं पाणी बुडाशी ओतलं.