करमतंय ना?

आमच्या शेजारच्या सलूनवाल्या काकांना सगळे ‘रेडिओ’ म्हणत. गिऱ्हाइकाच्या गळ्याभोवती कापड बांधलं की यांचं जे सुरू व्हायचं, ते मानेवरचे केस झटकेपर्यंत. मधल्या भिंतीपलीकडे माझं शिवणाचं मशीन. त्या घरघरीत त्यांच्या गोष्टी मला निम्म्याच ऐकू यायच्या. उरलेल्या निम्म्या ते संध्याकाळी शटर ओढताना सांगायचे, मी विचारलं नाही तरी.

मागच्या वर्षी पक्षाघाताचा झटका आला. उजवा हात लुळा पडला, पण पाय वाचले, डोकं शाबूत राहिलं. गेलं ते बोलणं. एक शब्द तेवढा उरला: ‘हो’. चहा हवा असला तरी हो, नको असला तरी हो. त्यांना कळतं सगळं, पण मनात ‘नाही’ असलं तरी ओठांवर येतं तेच. सुरुवातीला माणसं भेटायला आली, कान गेल्यासारखं त्यांच्याशी ओरडून बोलली, आणि मग यायची बंद झाली. बंद रेडिओसमोर कोण बसतं? मला त्या सगळ्यांचा राग येतो, अजूनही येतो. बायको तर आधीच गेलेली. आता दिवसभर घरात ते आणि भिंती.

दर बुधवारी मी त्यांना वाचनालयाच्या मागच्या खोलीत नेते. झटक्यानंतर बोलणं हरवलेल्यांचा गट तिथे जमतो. एक मुख्याध्यापिका येतात. एके काळी त्यांच्यापुढे कुणी ब्र काढत नसे. आता त्यांना स्वतःला एक अस्सल शिवी तेवढी स्वच्छ देता येते. ती दिली की सगळे पोट धरून हसतात, त्यासुद्धा. गटात नियम दोनच. दुसऱ्याचं वाक्य आपण पुरं करायचं नाही, आणि प्रश्न उलटा करून पुन्हा विचारायचा. “दमलात?” मग “दमला नाहीत?” काकांचं उत्तर ऐकायचं नसतं, बघायचं असतं. खरं असेल तेव्हा ते डावा हात छातीवर ठेवतात. नसेल तर हात जागचा हलत नाही. तेवढा वेळ ते माणसांत असतात. मग मी त्यांना घरी सोडते आणि दार लोटून घेते.

त्यांची मुलगी दूरच्या शहरात असते. पोर गुणाची, पण बोलायला बापावर गेलेली: प्रश्नही तिचा, उत्तरही तिचंच. रोज संध्याकाळी न चुकता फोन करते.

गेल्या शनिवारी ती आली, ती सलून रिकामं करायलाच. पायाने दाबून वर-खाली होणारी काकांची खुर्ची न्यायला दोन माणसं दारात उभी होती. काका खुर्चीची पाठ डाव्या हाताने धरून उभे.

“बाबा, देऊन टाकायची ना? आपलं फोनवर ठरलंय ना?”

“हो.”

“बघा काकू, हो म्हणाले.”

मला राहवेना. “उलटं विचार.”

“म्हणजे?”

“ठेवायची का, असं विचार. आणि त्यांच्या हाताकडे बघ.”

तिने वैतागूनच विचारलं, “बरं, ठेवायची का?”

“हो.” हात खुर्चीवरून सुटला आणि छातीवर गेला.

“मग देऊन टाकायची?”

“हो.” हात परत खुर्चीवर. बोटं आवळलेली.

तिने त्या माणसांना माघारी पाठवलं. मग परत येऊन बापाच्या त्या आवळलेल्या बोटांकडे बघत राहिली.

“फोनवर हात दिसत नाही हो, काकू,” ती शेवटी म्हणाली. वर्षभर रोज ती फोनवर एकच विचारत आली होती. तिकडून ‘हो’ आलं की निर्धास्त होत होती.

ती बापासमोर जाऊन उभी राहिली. या वेळी तिने घाई केली नाही.

“बाबा, करमतंय ना तुम्हाला?”

“हो,” काका म्हणाले.

हात खुर्चीवरून हलला नाही.