सारवलेलं पान

जव्हारला आमच्या वसतिगृहाच्या जर्मन सिस्टरनी प्रार्थनेचं एक पुस्तक हाताने लिहून काढलं होतं. पानांच्या गेरूने रंगवलेल्या कडांवर चित्रं काढायला त्यांनी जवळच्या दाभोशा गावची एक वारली म्हातारी गाठली. बांबूची काडी तांदळाच्या पिठात बुडवायची, रेघ ओढताना श्वास धरायचा आणि रेघ संपली की फुंकर मारायची. उन्हाळाभर तिचं हेच चाललं होतं.

शेवटचं पान झालं, तेव्हा सिस्टर मला सोबत घेऊन गेल्या आणि त्यांनी तिच्याच ओट्यावर बसून सगळ्या प्रार्थना मोठ्याने वाचल्या. ती हात जोडून ऐकत होती. मग तिच्या सुनेने आम्हाला आत चहाला बोलावलं. बाहेर येऊन पाहते तर काय, म्हातारीने पहिल्या पानावर शेणाचा हात फिरवला होता आणि दुसरं पुढ्यात ओढलं होतं!

मी किंचाळलेच.

"ओरडतेस कशाला बाय? लगीन लागलं की भिंतीवरचं देवाचं चित्र आम्ही सारवतोच. पूजा झाली, देव येऊन गेला. आता त्याला कोंडून ठेवायचा काय?"

सिस्टर पांढऱ्याफटक पडल्या होत्या. उरलेली पानं छातीशी कवटाळून त्या जीपकडे धावल्या. म्हातारीचा शेणाचा हात तसाच तोंडावर गेला. देवाला कुणी डांबून नेताना बघावं, तशी ती आमच्याकडे बघत राहिली.