चहासंगची गोळी

...तर शेताचा मालक भैयालाल धुऱ्यावर, म्हणजे बांधावर उभा, एका हातात चहाची किटली, दुसऱ्या हातात गोळ्यांचं पाकीट. काल इथवर आलो आणि मला जेवायला हाक आली. आता ऐका पुढचं.

धुरपता म्हणजे आमच्या मुर्री गावातल्या, भाताची रोपं लावणाऱ्या, रोवणीच्या बायांची म्होरकी. गाणी तिची, शिव्याही तिच्याच. एकदा भैयालालनं धुऱ्यावरून "हात चालवा" म्हटलं, तर हिनं भाताच्या रोपांची चिखलानं भरलेली पेंडी त्याच्या पांढऱ्या पायजम्यावर फेकली. "घे, तूच चालव!" मी तिथंच होतो. हसून हसून माझंच पोट दुखलं!

पण त्या गोळीची आठवण आली की अजून डोकं तापतं माझं. दुपार कलली की वाकून वाकून बायांची कंबर धरते. तेव्हा मालकानं चहा आणायचा आणि चहासंग दुखणं मारायची एकेक गोळी द्यायची. कोणी काढली ही रीत, त्याच्या तोंडात माती पडो. पहिली गोळी म्होरकीची. धुरपतेनं गिळली की बाकीच्या गिळत, आणि अंधार पडेपर्यंत पुन्हा वाकत. रोवणीभर रोज.

गेल्या साली रोवणी संपता संपता तिला अन्न नकोसं झालं. मळमळ, बारीक ताप, लघवी कमी. जवळच्या दवाखान्यात डॉक्टरनं विचारलं, "काही औषध चालू आहे?" ती म्हणाली, "नाई जी." खोटं नव्हती बोलत. चहासंगची गोळी आमच्याकडं औषधात धरतच नाहीत, चहातच धरतात! मग त्यानं अंगदुखीवर त्याच जातीची गोळी दिली, फक्त रंग दुसरा.

ती आणखी खचली, तेव्हा सून रीतानं तिला गाडीवर मागं बसवून गोंदियाला नेलं. रक्त तपासलं तर किडनीचं काम निम्म्यावर आलेलं. लघवीत पांढऱ्या पेशी होत्या, जंतू मात्र नव्हते. मग पाठीतून सुई घालून किडनीचा कणभर तुकडा काढून पाहिला. डॉक्टरीण म्हणाली, "मावशी, नीट आठवा. अशी सूज कधी जंतूंनी येते, कधी शरीर आपल्याच अंगावर उठतं. पण बहुतेक वेळा औषधानंच येते."

रीता म्हणाली, "औषध काहीच नाही मॅडम. रोवणीतली चहासंगची गोळी तेवढी. ते तर सगळ्याच घेतात."

डॉक्टरीण कपाळाला हात लावून बसली. मग तिनं समजावलं. किडनीत बारीक नळ्यांचं जाळं असतं, त्यांतून लघवी तयार होत पुढं जाते. धुरपतेच्या शरीरानं त्या गोळीला शत्रू समजलं आणि आपले पहारेकरी नळ्यांच्या मधल्या जागेत धाडले. गर्दी झाली, जागा सुजली, नळ्या दाबल्या गेल्या. मला विचाराल तर चोरखमाऱ्याच्या तलावाचं पाणी भाताच्या शेतात, बांधीत आणणारे पाट डोळ्यांपुढं आणा. दोन पाटांमधली माती फुगून आत सरकली, तर वर तलाव तुडुंब असून खाली पाणी येईल का? आणि सूज फार दिवस राहिली, तर ती जागा कायमची घट्ट होते. मग काही उपाय नाही.

हे सगळं ऐकून धुरपता दवाखान्यातच कडाडली, "कंबर बोंबलून राहिली होती, तं बसू द्याचं होतं! कायले गोळी देऊन राहिले होते?"

गोळी बंद केली, सूज उतरवायचं औषध बरेच दिवस चाललं. किडनी सुधारली, पण पहिल्यासारखी नाही. दुखण्याची गोळी आता आयुष्यात घ्यायची नाही, असं डॉक्टरिणीनं बजावलं.

यंदा भैयालाल तिच्या अंगणात आला. मी खाटेवर बसलेलोच होतो.

"काकू, रोपं तयार झाली. टोळी कवा आणता?"

"गोळी बंद, तं टोळी येईन."

"तुमी नका घेऊ ना. बाकीच्याइले काय झालं? एकीले बी नाई झालं!"

मला राहवलं नाही. म्हटलं, "अरे, कोणाच्या अंगाला ती मानवणार नाही, हे आधी तुला कोण सांगणार? आता कोणाच्या किडनीवर करून पाहतोस?"

"बाबाजी, तुमी चूप बसा," असं मलाच सुनावून तो तिच्याकडं वळला. "गोळी नसन तं बाया दुपारीच बसतीन. माही बांधी कोन संपवन? काकू, मंग मी दुसरी टोळी पायतो."

धुरपता पाखडायचं सूप खाली ठेवून उठली. दुखण्यानं हात काड्यांसारखे झालेले, पण आवाज तोच, पेंडी फेकली तेव्हाचा.

"पाय जा दुसरी. त्याइच्या धुऱ्यावर बी मी येऊन बसीन, आन् गोळी काढली का तुहा हात धरीन. माह्याच बाया पायजे असन, तं आयक. कंबर दुखली का आमी बसू, चहा पिऊ, दुखनं उतरलं का उठू. आन् बांधीची लयच घाई असन, तं पायजमा वर खोच आन् तू उतर चिखलात!"