तिसरा फोटो

आमच्या एक्स-रे खोलीतल्या माणसाला सगळे फोटोमास्तर म्हणत. कामात वाघ, पण भलताच किरकिरा. प्लेटवर कणभर धूळ खपायची नाही. बोटाचा ठसा दिसला तरी फोटो रद्द, पुन्हा काढायचा. त्यापायी आम्हा नर्सना पेशंट घेऊन दाराशी ताटकळावं लागे, आणि मी मनातल्या मनात त्यांना शिव्यांची लाखोली वाहायचे.

एका दुपारी त्यांचीच थोरली बहीण स्ट्रेचरवरून आली. आई गेल्यावर ताईनंच त्यांना वाढवलेलं. साखर साडेपाचशेच्या वर, श्वासाला सडक्या फळांचा वास, धड शुद्ध नाही. टाचेची जखम तिनं आठवडाभर मोज्यात लपवली होती. डॉक्टर म्हणाले, इन्सुलिन आणि सलाइन चालू आहे, पण विष कुठून भिनतंय ते कळायला हवं. छातीचा आणि पायाचा फोटो ताबडतोब काढा.

छाती स्वच्छ निघाली. पायाच्या फोटोत मात्र मांसात काळे ठिपके होते. मांस कुजून आत वायू धरला की असंच दिसतं, हे मला त्यांनीच शिकवलेलं. पण मास्तर म्हणाले, प्लेट खराब आहे. दुसरी घेतली, शर्टाच्या टोकानं पुसली, फोटो काढला. ठिपके तिथेच.

"मास्तर, डॉक्टर थांबलेत. द्या तो इकडे."

"एकदाच हो. मशीनचंच काहीतरी आहे."

तिसऱ्या वेळी त्यांनी नडगीही घेतली. ठिपके पार नडगीपर्यंत गेलेले. तो फोटो मी त्यांच्या हातातून अक्षरशः ओढून घेतला आणि धावले. पंचवीस मिनिटं गेली होती. मला त्यांचा संताप आला होता आणि रडूही येत होतं.

सर्जन म्हणाले, पाय गुडघ्याच्या वरून काढायचा, आत्ताच, तरी जीव वाचेल याची खात्री नाही. पंचवीस मिनिटांनी किती बिघडलं, हे विचारायची माझी छाती झाली नाही. मास्तरांनीही विचारलं नाही. संमतीचा कागद मी त्यांच्यापुढे धरला.

ताईनं डोळे किलकिले केले. "इतके फोटो काढलेस," ती म्हणाली, "एकात तरी बरा दिसला का रे पाय?"

"नाही गं ताई," मास्तर म्हणाले, आणि त्यांनी सही केली.