होडीचा निळा

काल लेकीनं गॅरेजचं दार रंगवायला काढलं. घरभर टर्पेंटाइनचा वास पसरला आणि मला ते पेंटर आजोबा आठवले.

ऐंशीच्या दशकात मी लंडनच्या विमानतळाजवळ, हाउन्सलोच्या हॉस्पिटलात नवी नवी डॉक्टर होते. स्ट्रोकनं त्यांचा उजवा हात गेलेला, डाव्याला ड्रिप. कॅरिबियनमधल्या एका बेटावर त्यांचे वडील होड्या रंगवायचे. उरलेला निळा यांना चित्रं काढायला मिळायचा. ‘दुसरा रंगच नव्हता, डॉक्टर. आई निळी, कोंबड्या निळ्या. तसाच शिकलो.’

तो निळा त्यांना पुन्हा बघायचा होता. हाताचं मला काही करता येत नव्हतं, निदान रंग तरी! ड्यूटी संपल्यावर त्यांच्या रंगाच्या ट्यूबा आणि टर्पेंटाइन घेऊन जेवणाच्या ताटलीत कालवत बसले. मी नागपूरची, समुद्र पाहिलेला तो विमानातून.

‘थोडा हिरवा घाला. नाही, फार झाला.’

काही केल्या जमेना. खिडकीबाहेर विमानं एकामागून एक उतरत होती. शेवटी ते म्हणाले, ‘हाच! अगदी हाच. आता घरी जा पोरी, दमलीस.’

मी खुशीत बस पकडली. इतकी वर्षं वाटायचं, तो निळा मला जमला. काल त्या वासात उभी होते, तेव्हा कुठे लक्षात आलं. ‘हाच’ म्हणताना ते ताटलीकडे नाही, माझ्याकडे बघत होते.