ढवळूबाबांचा आंधळा सासरा

ढवळूबाबांना नायकाचे काम कुणी कधी दिले नाही. ते सासरे झाले, सावकार झाले, हवालदार, पुजारी, दारुडे, माळी झाले. एका नाटकात तर पहिल्या अंकात मेलेला बाप आणि तिसऱ्या अंकात त्याच्याच श्राद्धाला जेवणारे भटजी, अशी दोन्ही कामे त्यांनीच केली. पुढे मूकपट निघू लागले तेव्हा तिथूनही बोलावणी येत. जाहिरातीत नाव क्वचितच असे, पण पडद्यावर म्हातारा दिसला की लोक म्हणत, "हा तोच!"

ही कारकीर्द जव्हारला सुरू होण्याआधीच संपायच्या बेतात होती. ती हकीकत मी त्यांच्याच तोंडून ऐकली. त्यांची बायको पोशीबाई शेजारी बसून दुरुस्त्या करीत असत.

बाबा खोडाळ्याजवळच्या पाड्यावरचे. बोहाड्यात, म्हणजे देवांचे आणि असुरांचे मुखवटे घालून नाचण्याच्या उत्सवात, एक सोंग पिढ्यान्‌पिढ्या त्यांच्या घराकडे होते. मुखवटा लाकडी, जड, डोळ्यांची भोके बारीक. बाजूचे काही दिसत नाही, म्हणून सबंध मान वळवून पाहायचे. चेहरा झाकलेलाच असतो, तेव्हा तो हलवायचा कशाला?

एका दसऱ्याला जव्हार संस्थानात नाटक कंपनी आली. बाबा मांडव घालायला गेले आणि भालदाराचा पोशाख घालून रंगमंचावर उभे राहिले. त्यांची चाल पाहून कंपनीचे मालक दामोदरपंत खूश झाले. त्यांनी चार वाक्ये बोलायला दिली, आणि मग कपाळाला हात लावला.

"अरे, रागाव की!"

"रागावलोय ना, पंत."

"कुठं? नुसता खांब दिसतोय. आणि डोळे फिरव, घुबडासारखी मान काय फिरवतोस?"

नायिकेचे काम करणारा लक्ष्मण नथ काढता काढता म्हणाला, "पंत, त्याला आंधळ्या सासऱ्याचं काम द्या. तो नाहीतरी तसाच बघतो."

सगळे हसले. पंत हसले नाहीत. सासऱ्याचे काम करणारा नट हिवतापाने पडला होता आणि दुसऱ्या दिवशी जव्हारातला शेवटचा खेळ होता. "उद्या उभा राहा," ते म्हणाले. "जमलं तर आमच्याबरोबर चल. नाहीतर घरी जा."

"नाय जमलं तर बरंच," मांडवाच्या कामाला बाबांबरोबर आलेल्या पोशीबाई म्हणाल्या. "नागली कापायची हाय."

 बाबांना मात्र जायचे होते. इतके मनापासून त्यांनी आजवर काही मागितले नव्हते.

खेळाला पाड्यावरची माणसेही आली होती. शेवटच्या अंकात टाकलेली सून परत येते. तिचे पाऊल वाजले आणि बाबांनी मान वळवली, सबंध, सावकाश, मुखवट्यात वळवीत तशीच. चेहरा हलला नाही. मांडवात कुणी खोकलेसुद्धा नाही. पडदा पडला, तरी टाळी पडली नाही.

सकाळी गाड्या भरताना पंतांनी बाबांच्या खांद्यावर हात ठेवला. "एकही टाळी नाही रे. लोक कंटाळले. तू घरी जा."

एवढ्यात काल खेळाला बसलेली पाड्यावरची म्हातारी सुकरी वाट तुडवीत आली. तिच्या हातात पानांचा द्रोण होता, आणि मागे शेजारची रामी काखेत कोंबडा घेऊन.

"ढवळू, कधी गेलं रं डोळं? पोशी, तू बोलली बी नाय!"

"आजी, ते सोंग व्हतं," बाबा म्हणाले.

"सोंग? मंग मुखवटा कुठं व्हता? तुझंच तोंड व्हतं. मला काय बोहाडा म्हाईत नाय? बस खाली!"

बाबांनी खूप सांगितले. सुकरीने त्यांना ओंडक्यावर बसवून कसल्याशा पाल्याचा रस दोन्ही डोळ्यांत पिळला. बाबा ओरडले. रामी म्हणाली, "ओरडतोय, म्हंजी लागू पडतंय. नाय पडलं तर हा कोंबडा देवाला."

लक्ष्मण पोट धरून हसत होता. पंत मात्र म्हातारीकडे बघत राहिले. "आजी, काल टाळी का नाही वाजवली?"

"लेकराचं डोळं गेलं आन् टाळ्या वाजवू? तुला कोनी वळण लावलं नाय का रं?"

पंत गाडीवानाकडे वळले. "ह्याचं गाठोडं वर टाक. ह्याला सोडून गेलो, तर आंधळा मी."

बाबांना समोरची गाडीसुद्धा दिसत नव्हती, इतके डोळे झोंबत होते. पोशीबाईंनी हात धरून त्यांना वर चढवले, आणि मग स्वतःही चढल्या.

"तू कुठं?" बाबांनी विचारले.

"तुला दिसत नाय. धरायला कोन हाय? मोखाड्यापत्तुर येते."

त्या परतल्या पुढच्या पावसाळ्यात, कंपनी बंद असताना, भाताच्या लावणीला. तोवर नवऱ्याची सहा कामे त्यांना पाठ झाली होती.