चारी कोपऱ्यातली सरूबाई

सरूबाईले गानं येत नव्हतं.

आज तिची वरसी हाय म्हनून काय खोटं लिहू?

सरूबाई म्हंजे माही नणंद. कोजागिरीच्या भुलाबाईचे गाने म्हनाले ती सगळ्यात पुढं, अन् शब्द एक पाठ नाई. मी तिसरी शिकली, पन मले सारे पाठ. ती जन्मभर माह्या तोंडाकडं पाहून गाये. मी ओळ म्हनली का शेवटचा शब्द तेवढा धरे अन् असा ठोकून म्हने, जसं गानं तिचंच!

तुमी साऱ्या जनी जानताच.

ती गेली त्याच्या आधीच्या कोजागिरीले माही नात अश्विनी घरी आली होती. हैदराबादले साउंडचं काम करते. "पोरीले हे कायचं शिक्षन?" म्हननाऱ्या बायाच आता तिच्यासंग सेल्फी काढते. असो.

तिनं येकेकीच्या पदराले बारका मायक लावला. भुलाबाईची मूर्ती मधात, आमी भवताल. साऱ्यायचा आवाज अलग अलग भरला.

वरसीसाठी काल ते मिक्स करून राह्यली होती. लॅपटॉपवर गोल खोली, मधात एक डोकं, भवताल रंगीत ठिपके. एक ठिपका म्हंजे एक बाई. ठिपका सरकवला का बाई कानामागं!

"आजी, याले पॅनिंग म्हनते."

हेडफोननं माहा अंबाडा चेपला, पन मजा लय आली. भुलाबाईच्या जागी आपलं डोकं, म्हनून मी आधी हात जोडले. मंग पाटलीनबाईले पार मागच्या भिंतीले नेऊन टेकवलं. जिवंत मानूस असं हलते का कुठं!

तेवढ्यात तिकडं तेलंगणातल्या निर्मलहून दिनू आला.

सरूबाईचा लेक. फर्निचरचं मोठं दुकान, त्याहून मोठं तोंड. आई खाटेवर होती तवा "मामी, सीझन हाय, येता येत नाई." आता मंडपाच्या चारी कोपऱ्यात आवाजाचे डब्बे लावाले मानसं घेऊन हजर.

"अश्विनी, बाकीच्या बाया काढून टाक. आईचाच आवाज पायजे, चहूकडून. माह्या पाव्हन्यायले कळू दे आई कशी गाये."

"नको रे दिनू," मी म्हनलं.

"काऊन मामी? तुमचा आवाज निंगून जाते म्हनून?"

बाप रे, काय अक्कल!

सरूबाईवर आमी हासलो तर चालते. आमची होती. त्याच्या निर्मलच्या व्यापाऱ्यायनं कायले हासावं?

पोरीनं सोलोचं, म्हंजे येकटीचाच आवाज आयकवाचं बटन दाबलं.

"...बाई."

मंग गप्प. बांगड्या वाजल्या.

"...ठेवलं."

मंग गप्प.

"...बाई."

दिनूचं तोंड पाहाले पायजे होतं. "आईचं गानं कुठं हाय?"

"हेच हाय," मी म्हनलं. "तू कधी आयकलं होतं का?"

पन हट्ट सोडीन तर दिनू कसला! हेडफोन कानावर दाबला. "मधात मधात कोनी हळू गाऊन राह्यलं. ते साफ कर."

"काका, ती आजी हाय," अश्विनी म्हने. "दोघी इतक्या चिकटून उभ्या होत्या का आजी आत्याआजीच्या मायकात शिरली. हिले काढाले गेली तर तीबी पुसून जाईन."

घे!

दिनूनं हेडफोन काढून ठेवला. लॅपटॉप माह्याकडं सरकवला. मंग म्हने, "तुमीच ठेवा मामी, कुठं ठेवाची ते."

मी तिचा ठिपका माह्या ठिपक्याले लावून ठेवला. डाव्या अंगाले. बाकीच्या बायाबी राह्यल्या.

आज मंडपात वाजलं. निर्मलचा एक शेठ डोळे पुसून म्हने, "माताजी क्या गाती थीं!"

मी म्हनलं, "हौ."

तुमी साऱ्या पदराआड काऊन हासल्या, ते मले दिसलं.

जा सरूबाई, सुखानं राहा. तिथं तोंडाकडं पाहाले दुसरी कोनी शोधा. मले इतक्यात येनं नाई.

तुमच्या वहिनीचा नमस्कार घ्या.